नशीब म्हणजे वाटा

ओतशाळेत पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये कुठलंही हत्यार बुडवण्याआधी ते तापवून पूर्ण कोरडं करायचं, मग ती पळी असो की वरची मळी काढायचा लांब दांड्याचा झारा. त्यावर पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि सातशे अंशांच्या आसपास तापलेला रस अंगावर उडतो. १९९८ साली मी कोल्हापूरहून बहरीनला आलो, तेव्हा मला हे शिकवणारे फोरमन इथल्याच मुहर्रक शहरातले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत; मी आजही म्हणतो. ते झारा भट्टीच्या तोंडाशी धरून ठेवत, त्याची धग जोखत आणि मग 'बिस्मिल्ला' म्हणून तो आत घालत. एकदा घाईत माझा क्रम उलटा झाला. मी देवाचं नाव घेतलं आणि थंड झारा उचलला. उस्तादांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "आधी झारा. त्याने तुला हात आणि डोळे दिलेत, ते वापर. मग त्याला हाक मार."

ओतशाळेत हा क्रम पुरतो. हत्यार कोरडं असलं की सहसा काही होत नाही. पण बहरीनचा फुटबॉल संघ इतकी वर्षं पाहताना मला वेगळंच दिसत आलं आहे. इथे सगळं तापवून, कोरडं करून, देवाचं नाव घेऊन माणसं मैदानात उतरतात आणि तरीही हरतात. हरतात ते अशा लोकांकडून, ज्यांनी तेच सगळं केलेलं असतं आणि बऱ्याचदा त्याच देवाचं नाव घेतलेलं असतं. मग त्या हाकेचं होतं काय? आणि काहीच होत नसेल तर आपण ती मारतो कशासाठी?

हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा आला तो मात्र कोल्हापुरात. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आम्हाला घरातल्या माणसांसारखी. शाहू स्टेडियमवर सामना असला की सकाळीच तालमीतल्या मारुतीसमोर नारळ फुटायचा. समोरच्या तालमीतही मारुतीच आणि तिथेही नारळ. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमचा संघ अंतिम सामन्यात हरला, तेव्हा रडत घरी येऊन आईला विचारलं होतं, "मारुतीनं त्यांचं ऐकलं, आमचं का नाही?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "नारळ दोघांचा असतो रे. खोबरं सगळ्यांना मिळतं." मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. त्यात काय होतं ते कळायला मला बहरीनमध्ये वीस वर्षं काढावी लागली.

बहरीन आशिया चषकात पहिल्यांदा खेळला १९८८ साली, कतारमध्ये, आणि गटातच बाद झाला. दुसरी संधी मिळाली ती थेट २००४ साली, चीनमध्ये. त्या स्पर्धेने हा देश जागा झाला. पहिल्याच सामन्यात यजमान चीनशी २-२ अशी बरोबरी, उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टींवर उझबेकिस्तानवर मात, आणि मग जिनान शहरात जपानशी उपांत्य सामना. त्यात अला हुबैलने दोन गोल केले. ८५व्या मिनिटाला बहरीन ३-२ ने पुढे गेला. आम्ही पंधरा-वीस जण कँटीनमध्ये श्वास रोखून उभे होतो. ९०व्या मिनिटाला नाकाझावाने बरोबरी साधली, जादा वेळेत जपानने चौथा गोल केला आणि सगळं संपलं. बहरीन चौथा आला. पाच गोलांसह अला हुबैल आणि इराणचा अली करीमी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे ठरले. मुंबईच्या एका कोपऱ्यात मावेल एवढ्या लोकसंख्येच्या बेटाने चौथं येणं म्हणजे केवढी गोष्ट. पण कँटीनमध्ये त्या दिवशी एकच शब्द ऐकू येत होता: नसीब.

पुढच्याच वर्षी मला आमच्या सगळ्यांच्या विचारातली एक गाठ दिसली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ताश्कंदला उझबेकिस्तानने बहरीनला १-० असं हरवलं. त्या सामन्यात उझबेकिस्तानला एक पेनल्टी मिळाली होती आणि चेंडू जाळ्यातही गेला होता. पण किक बसण्याआधी त्यांचाच एक खेळाडू आत शिरला. अशा वेळी पेनल्टी पुन्हा मारायची असते. पंचांनी ती रद्द करून बहरीनला फ्री किक दिली. उझबेकिस्तानने तक्रार केली आणि ३-० असा विजय मागितला. फिफाने पंचांची चूक मान्य केली आणि सामनाच पुन्हा खेळायला लावला. म्हणजे जास्त मागायला गेले आणि हातातलं गेलं. पुन्हा झालेला सामना १-१ असा सुटला, मनामाचा परतीचा सामना ०-० आणि परक्या मैदानावरच्या गोलामुळे बहरीन पुढे. त्या रात्री मुहर्रकमध्ये हलवा वाटला, तो केशरी, चिकट, सुक्यामेव्याचा बहरीनी हलवा. "अल्लाची कृपा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

महिन्याभराने, १६ नोव्हेंबर २००५ रोजी, त्रिनिदाद आणि टोबॅगोचा संघ इथे आला. पोर्ट ऑफ स्पेनला १-१ झालं होतं. इथे ०-० पुरलं असतं. मी राष्ट्रीय स्टेडियममध्ये होतो. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच कॉर्नरवर उंचपुऱ्या डेनिस लॉरेन्सने डोक्याने गोल केला. शेवटी शेवटी त्यांचा गोलरक्षक चेंडू हातातून सोडून लाथ मारणार, तेवढ्यात हुसेन अलीने मध्येच पाय घालून तो जाळ्यात ढकलला. माझ्या आजूबाजूची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. पंचांनी गोल नाकारला. त्रिनिदाद विश्वचषकाला गेला, तोवरचा लोकसंख्येने सर्वांत लहान देश म्हणून. बहरीन त्याहूनही लहान होता.

परतताना गाडीत सगळे एकच म्हणत होते: अन्याय. मीही म्हणत होतो आणि म्हणता म्हणता थांबलो. ताश्कंदच्या पंचांची चूक आमच्या पथ्यावर पडली तेव्हा ती कृपा होती. इथल्या पंचांनी नियम दाखवला तेव्हा तो अन्याय झाला. देवाचं माप आम्ही आमच्या गोलफलकावरून ठरवत होतो. हा देव नव्हताच. ही आमची इच्छा होती आणि तिला आम्ही देवाचे कपडे घातले होते.

चार वर्षांनी प्रश्न आणखी टोकदार झाला. सप्टेंबर २००९, रमजानचा महिना, रियाधमध्ये पुढच्या विश्वचषकाच्या पात्रतेचा सौदी अरेबियाविरुद्धचा सामना. एकाच देवाला मानणारे दोन संघ, एकाच दिशेला तोंड करून नमाज पढणारे, एकाच महिन्याचे रोजे पाळणारे. मनामाला ०-० झालं होतं. रियाधला ९१व्या मिनिटाला हमद अल मुंतशरीने सौदीला २-१ असं पुढे नेलं. स्टेडियम फुटून गेलं. दोन मिनिटांनी इस्माईल अब्दुल्लतीफ उंच उडाला, चेंडू डोक्याने जाळ्यात गेला, २-२, आणि बहरीन पुढे. दोन मिनिटांच्या अंतराने दोन्हीकडून तोच एक शब्द उठला, अल्लाहू अकबर. समुद्रावरचा २५ किलोमीटरचा पूल ओलांडला की पलीकडे सौदी. तिकडच्या घरांत त्या रात्री काय झालं असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि आईची भाकरी थापणारी आकृती डोळ्यांसमोर उभी राहिली.

पुढचा सामना न्यूझीलंडशी. इथे ०-०. वेलिंग्टनला १४ नोव्हेंबर २००९ रोजी. तिथे रात्र होती, इथे सकाळचे दहा, शनिवार, सुट्टी. उस्तादांनी मुहर्रकच्या त्यांच्या मजलिसमध्ये बोलावलं होतं. दाराशी चपलांचा ढीग, भिंतीला टेकून बसलेले वीसेक पुरुष, मध्ये खजुराचं ताट आणि आपल्या हिरव्या वेलचीचा दरवळ असलेला गहवा, म्हणजे इथली कॉफी. उस्तादांच्या वडिलांचं मुंबईला येणं-जाणं होतं. मोत्यांच्या व्यापारामुळे मुहर्रकच्या कितीतरी घरांचं असायचं. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता. म्हणून त्या घरात माझ्याशी हिंदीत बोलायला कुणी अडत नसे.

पहिला डाव संपता संपता रोरी फॅलनने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. दुसरा डाव सुरू झाला आणि थोड्याच वेळात बहरीनला पेनल्टी मिळाली. १-१ झालं असतं तर परक्या मैदानावरच्या गोलाने बहरीन दक्षिण आफ्रिकेला गेला असता. सय्यद मोहम्मद अदनान चेंडू ठेवायला गेला. मजलिसमध्ये कुणी बोलत नव्हतं; ओठ हलत होते. माझेही हलत होते. मी मारुतीचं नाव घेत होतो, शेजारचा म्हातारा दुआ मागत होता. अदनानने मारलं. मार्क पॅस्टनने झेप घेऊन चेंडू अडवला.

कुणीतरी उशीत तोंड खुपसलं. उस्तादांनी टीव्हीकडे पाहत हळू आवाजात म्हटलं, "अल्हम्दुलिल्ला अला कुल्लि हाल." कुठल्याही हालात देवाची स्तुती असो. तो 'हाल' म्हणजे आपलाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ नुसती स्थिती. मराठीत मुरता मुरता तो कष्टाचा झाला. मला त्या क्षणी राग आला. दोनदा दारापर्यंत येऊन दार बंद होतं आणि हा माणूस स्तुती कसली करतो?

त्या रात्री झोप आली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. मी पडल्या पडल्या ती त्या पेनल्टीला लावून पाहिली. अधिष्ठान म्हणजे वेलिंग्टनचं मैदान. कर्ता अदनान. करण त्याचा पाय. चेष्टा म्हणजे ती धाव आणि तो फटका. चारही होते. मग पाचवं, दैव, कुठे होतं? ते समोर उभं होतं, गोलरक्षकाचे हातमोजे घालून. आम्ही ज्याला अदनानचं दैव म्हणत होतो, ती पॅस्टनची चेष्टा होती. त्याने घेतलेली झेप, त्यामागची सरावाची कैक वर्षं, त्याच्याही घरच्यांनी धरलेला श्वास.

मी मागे मागे जाऊन पाहिलं. रियाधमध्ये सौदीचं जे दुर्दैव, ती इस्माईलची उडी होती. जिनानमध्ये आमचं जे नशीब फुटलं, तो नाकाझावाचा न सोडलेला धीर होता. एकाचं दैव म्हणजे दुसऱ्याचा घाम. मैदानात तरी मला याला अपवाद फार थोडे सापडले. मग मी जी प्रार्थना करत होतो तिचा खरा अर्थ काय होता? 'देवा, आम्हाला जिंकव' म्हणजे 'देवा, त्या पलीकडच्या माणसाची मेहनत मातीत घाल.' असं उघड शब्दांत मी कुठल्याच देवळात मागितलं नसतं. माझ्या आईने तर मला हाताला धरून देवळातून बाहेर काढलं असतं.

उस्तादांशी मी हे बोललो. ते म्हणाले, मागितलेली दुआ कधी वाया जात नाही असं त्यांच्याकडे मानतात: एक तर मागितलेलं मिळतं, नाहीतर परलोकासाठी साठवलं जातं, नाहीतर तेवढंच एखादं संकट टळतं. मला हे उत्तर पूर्ण पटलं नाही आणि मी तसं सांगितलंही. हिशेब कुठेतरी जुळतोच असं मानण्यात धीर आहे, पण ज्याला साठा दिसत नाही त्याला ते कसं समजवायचं? उस्तादांना राग आला नाही. म्हणाले, "मग तू एक शब्द नीट बघ. नसीब. तुम्ही लोक तो काय म्हणून वापरता?"

आम्ही तो कपाळावर लिहिलेलं म्हणून वापरतो. अरबीत नसीब म्हणजे वाटा. मिळालेला हिस्सा. किस्मतचं मूळही वाटणीचंच. फारसीतून मराठीत येईपर्यंत त्या शब्दावर निकालाचा शिक्का बसला. मुळात तो पंगतीतला शब्द आहे. आणि आपल्या भाषेने दुसऱ्या दाराने तोच अर्थ जपून ठेवला आहे. 'वाट्याला आलं' असं आपण रोज म्हणतो.

इथे एक धोका आहे आणि आखातात राहणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका मजुराचा तीन महिन्यांचा पगार त्याच्या ठेकेदाराने अडवला होता. खोलीतली माणसं त्याची समजूत घालत होती, "नशीब तुझं." उस्तादांच्या कानावर गेलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "हे नसीब नाही. हा हक्क आहे." त्याला घेऊन ते स्वतः तक्रार करायला गेले. हक्क हाही अरबीतून आलेला शब्द आणि त्याचा हा अर्थ मराठीतही टिकला. जिथे नियम आहे, जिथे कुणी देणं लागतो, तिथे नशिबाचं नाव घेणं म्हणजे चोराला देवाआड लपू देणं. उझबेकिस्तानने नियमासाठी भांडणं बरोबरच होतं. जिथे सगळ्यांनी आपापलं प्रामाणिकपणे केलं आणि तरी एकालाच पुढे जायचं आहे, त्या जागेपुरताच वाटा हा शब्द खरा.

माझी स्वतःची परीक्षा झाली ती १४ जानेवारी २०१९ रोजी. आशिया चषक, शारजा, भारत विरुद्ध बहरीन. आठ वर्षांपूर्वी, १४ जानेवारीलाच, बहरीनने दोह्यात भारताला ५-२ असं हरवलं होतं. चार गोल एकट्या इस्माईलचे. तेव्हा निदान सामना एकतर्फी होता. या वेळी भारताने थायलंडला ४-१ ने हरवलेलं होतं आणि बरोबरी झाली तरी तो बाद फेरीत जाणार होता. बहरीनला जिंकावंच लागणार होतं. बायको स्वयंपाकघरात संक्रांतीचे तीळ भाजत होती. मुलगी इथेच जन्मलेली. अंगात भारताचा निळा शर्ट आणि समोरच्या संघातल्या प्रत्येकाचं नाव तोंडपाठ.

मी हात जोडले आणि मला कळेना काय मागावं. भारतासाठी मागितलं तर ज्या बेटाने माझ्या घरात चूल पेटवली, त्याच्या विरुद्ध मागत होतो. बहरीनसाठी मागितलं तर स्वतःच्या मातीविरुद्ध. दोन तालमींचे दोन नारळ या वेळी माझ्याच हातात होते. नव्वद मिनिटं ०-०. ९१व्या मिनिटाला बहरीनला पेनल्टी, जमाल राशिदने गोल केला, भारत बाहेर. मुलगी रडली. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. तीळ भाजल्याचा वास घरभर होता आणि मी तसाच हात जोडून बसलो होतो, काहीही न मागता.

नंतर लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच माझी प्रार्थना कुणाच्या विरुद्ध नव्हती. मागणं गळून पडल्यावर प्रार्थना संपेल असं मला वाटायचं. ती संपली नाही. जे उरलं ते एवढंच: पलीकडचा माणूस मला दिसत राहो, आणि जे येईल ते घ्यायला माझा हात थरथरू नये. ज्याला हेही मागणंच वाटतं, त्याला तसं वाटू दे. पण हे मागणं मैदानातल्या सगळ्यांना एकाच वेळी मिळू शकतं. कुणाचं हिरावून घ्यावं लागत नाही.

त्याच वर्षी, ८ डिसेंबरला, दोह्यात आखाती चषकाचा अंतिम सामना होता. ही स्पर्धा १९७० साली सुरू झाली ती याच बहरीनमध्ये आणि एकोणपन्नास वर्षं बहरीनने ती कधी जिंकली नव्हती. समोर सौदी. सुरुवातीलाच सौदीची पेनल्टी वाया गेली. मजलिसमध्ये सगळे उसळले. उस्ताद मात्र क्षणभर पडद्यावरच्या त्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ६९व्या मिनिटाला मोहम्मद अल रुमैहीने गोल केला आणि तोच शेवटचा ठरला. बाहेर गल्लीत पोरं झेंडे घेऊन धावत सुटली. आत म्हातारे एकमेकांच्या कपाळाची चुंबनं घेत होते.

उस्तादांनी हळू आवाजात म्हटलं, "अल्हम्दुलिल्ला."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. दहा वर्षांपूर्वी, पॅस्टनने चेंडू अडवला तेव्हा, हाच शब्द होता आणि हाच आवाज. एक सूरही वर नव्हता, एकही खाली नव्हता. तेव्हा मला जो हार मानल्यासारखा वाटला होता, तो तसा नव्हता हे मला या विजयाने दाखवलं. कारण हार मानणाऱ्याचा आवाज जिंकल्यावर बदलतो. त्यांचा देव गोलफलकावर राहत नव्हता, म्हणून त्यांना त्याच्याशी बोलताना फलकाकडे बघावं लागत नव्हतं.

मग त्यांनी दल्ला, म्हणजे गहव्याची किटली, उचलला. इथे गहवा कधी पेला भरून देत नाहीत. छोट्या फिंजानच्या तळाशी घोट-दोन घोट, तेवढाच; पुन्हा हवा तर पुन्हा तेवढाच, आणि पुरे झाला की फिंजान हलकेच हलवून परत करायचा. तो उजव्या हातात घ्यायचा असतो. कोल्हापुरात मारुतीच्या देवळाबाहेर खोबऱ्याचा तुकडाही आम्ही उजव्याच हातात घेत होतो, कुठला तुकडा मोठा ते न बघता. आई तेच सांगत होती. मी हात पुढे केला.